घाडीमास्तरांची सहा नवी कार्डं

१

"ताई, अक्षर बाबांचंच आहे," रुपाली म्हणाली, "आणि बाबांना जाऊन महिना झाला."

संघमित्राबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि ते कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. जुनी लग्नपत्रिका कापून तिच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेलं. निळी शाई, टाकाचं ठसठशीत अक्षर.

'"दुसरी लाईन टाकू की नको? लवकर सांगा." – डॉक्टर, आयसीयू. ९ फेब्रुवारी, दुपारी सव्वाचार.'

"सासरे गेले किती वाजता?"

"पाचला दहा कमी होते. आणि सकाळपासून बेशुद्ध. त्यांच्या उशाशी बोललेलं वाक्य त्यांनीच कसं लिहिलं, सांगा ना! मी नाही हो आता त्या खोलीत एकटी थांबत."

संघमित्राबाईंनी परळच्या एका मोठ्या इस्पितळाचा रेकॉर्ड विभाग पस्तीस वर्षं सांभाळला होता. रुपाली लग्नाआधी तिथेच त्यांच्या हाताखाली होती. बाई निवृत्त झाल्या तरी नायगावपासून लालबागपर्यंत कोणाचा कागद हरवला की लोक त्यांचंच दार ठोठावायचे. भुतांच्या बाबतीत त्यांचं म्हणणं सरळ होतं. आमच्या घरात भुताला कधी पाट मांडला नाही, म्हणून ते आलंच नाही. पण हे कार्ड हातात घेतल्यावर त्यांनाही चहा गोड लागेना, हे खरं.

आता राजाराम घाडींचं हे वेड काय होतं, ते सांगायला हवं. गडी लालबागच्या गिरणीत टाइमकीपर होता, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन. छंद एकच. इंग्रजांचा तो एवढासा शब्द, लाईन, गिरणगावात येऊन किती घरं करून राहिला ते टिपायचं. रेशनची लाईन. गिरणीत साच्यांची, म्हणजे मागांची लाईन आणि तिच्यावरचा मुकादम, तो लाईन जॉबर. पोरीवर मारायची लाईन, पोरगा सुधारला की लागलेली चांगली लाईन, बिघडला की वाईट लाईन. हार्बर लाईन, ड्रेनेजची लाईन, गणपतीत नवसाची लाईन वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. फोनची न लागणारी लाईन, शाळेतल्या वहीत मारायची लाईन. वाक्य, बोलणाऱ्याचं नाव, जागा, तारीख, असं चाळीस वर्षं चाललेलं. लोक त्यांना घाडीमास्तर म्हणू लागले. दादरच्या एका संशोधन मंडळानं शाल-श्रीफळ दिलं, आणि आता पुस्तकही काढायचं ठरलं होतं.

"तेराव्याला मंडळाच्या प्रफुल्लसरांनी पेटीतली कार्डं मोजली," रुपाली सांगत होती. "बाराशे चाळीस. परवा पुन्हा मोजली, तर बाराशे सेहेचाळीस. सहा नवी. पाचांवर तर बाबा गेल्यानंतरच्या तारखा! सर म्हणतात, कोणीतरी खोटी कार्डं घालतंय, पुस्तक रद्द. पण ताई, खरी आग वेगळीच आहे."

"कुठली?"

"दुसरी लाईन टाकलीच नव्हती. म्हणजे डॉक्टरांनी कोणाला तरी विचारलं, आणि त्यानं नको म्हटलं. राजेश पेटलाय. म्हणतो, तो माणूस सापडू दे, जन्मभर त्याचं तोंड बघणार नाही."

२

घाडींची खोली चाळीच्या दुसऱ्या माळ्यावर, अगदी टोकाला. भिंतीवर मास्तरांचा फोटो, हार ताजा. राजेश खाटेवर बसला होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, पण महिन्याभरात दहा वर्षांनी म्हातारा झालेला. तो पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि कोणाचंही अक्षर हुबेहूब काढायचा, ही गोष्ट संघमित्राबाईंनी मनात टिपून ठेवली.

"डॉक्टरला फोन केला होता," तो म्हणाला. "तो गेला बदलून दुसऱ्या गावाला. म्हणतो, हाताची सलाईनची लाईन बंद पडली होती, मानेतून नवीन टाकावी लागणार होती, घरच्यांनाच विचारलं. चेहरा आठवत नाही म्हणे. दिवसाला वीस जणांना विचारतो."

"तू कुठं होतास तेव्हा?"

"खाली, औषधाच्या दुकानात. ही एवढी लाईन होती! वर आलो तर सगळं आटपलेलं."

"आणि आत कोण होतं?"

"कोणीच नाही. पास एकच मिळतो, तो शेजारच्या रमाकांतकाकांकडे होता. आणि मंडळाचे ते प्रफुल्लसर बाहेर घुटमळत होते, पुस्तकाची परवानगी पाहिजे म्हणून. दोघांपैकी एकानं माझ्या बापाचा परस्पर निकाल लावलाय, ताई. कोण ते तुम्ही सांगा, बाकी माझं मी बघतो."

त्याच्या आईनं, बकुळामावशींनी, चहा आणून ठेवला. चौऱ्याहत्तरीची बाई, वाळून काटकी झालेली. उजव्या अंगठ्यावर जांभळी शाई होती.

"बँकेत गेललंय सकाळी," त्या ओशाळून म्हणाल्या. "पेन्शनीच्या कागदार अंगठो."

"आई, तू जा आत, पड जरा," राजेश म्हणाला. त्या मुकाट्यानं आत गेल्या.

संघमित्राबाईंनी उरलेली पाच कार्डं मागून घेतली. चार साधी होती, नळावरची, जिन्यातली. पाचवं मात्र त्यांनी दोनदा वाचलं. '"विधवांची लाईन ही नाय, ती पलीकडची." – शिपाई, बँक. ३ मार्च.'

"आईबरोबर बँकेत कोण गेलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मीच," राजेश म्हणाला. "पण मी बाहेर स्कूटरवर होतो. आत कोण कोणाला काय बोललं, मला काय ठाऊक!"

३

दुसऱ्या दिवशी दुपारी संघमित्राबाई शेजारच्या रमाकांतांकडे गेल्या. रमाकांत म्हणजे गिरणीतले जुने कारकून. मास्तरांशी त्यांचं पन्नास वर्षांचं भांडण आणि तेवढीच दोस्ती. दोन्ही खोल्यांच्या मध्ये फक्त फळ्यांची भिंत. त्यांनी दाराला लिंबू-मिरची बांधली होती आणि अंथरूण गॅलरीत काढलं होतं.

"हसा, हसा," ते म्हणाले. "आमच्या गावाकडं घाडी भूत उतरवतात, आणि हितं घाड्याच्याच घरात भूत! बाई, दुपारचे तीन वाजले की राजाराम लिहायला बसायचा. टाकाची करकर फळीतून ऐकू यायची. मी त्या आवाजावर झोपायचो. आता तो गेला, आणि करकर काय जात नाय."

"तुम्ही आयसीयूचा पास कोणाला दिलात?"

"कोणालाच नाय. चार वाजता चहाला गेलो, बाकावर ठेवला. माझ्या दोस्ताला सुया टोचताना मला बघवेना. पळालो, झालं. राजेश माझ्यावर डोळे काढतो, माहीत आहे मला. पण डॉक्टरनं मला विचारलं असतं ना, तर मी नरड्याला हात लावून सांगतो, माझं तोंडच उघडलं नसतं."

"मग आत कोण होतं?"

"कोणीच नाय हो. वहिनी होत्या तेवढ्या."

समोरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते. चाळ जेवून सुस्तावली होती, कुठं भांडं वाजत नव्हतं. आणि फळीपलीकडून आवाज आला. कर्र. थांबला. पुन्हा कर्र, कर्र. शाई घेण्यापुरती उसंत, की पुन्हा सुरू. रमाकांतांनी डोळे मिटून हात जोडले. संघमित्राबाईंच्या हातावर शहारा उभा राहिला, आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

"पलीकडं कोण आहे आत्ता?"

"कोणीच नाय. पोरं कामावर. वहिनी असतील निजलेल्या."

बाई तडक उठल्या आणि त्यांनी घाडींची कडी वाजवली. दार लगेच उघडलं. बकुळामावशी पदर सारखा करत उभ्या होत्या. मागं खोली रिकामी. फोटोतले मास्तर तेवढे टक लावून बघत होते.

"निजलेलंय गो बाय. काय झाला?"

"काही नाही, मावशी. छत्री विसरले वाटतं," संघमित्राबाई म्हणाल्या. छत्री त्यांनी आणलीच नव्हती. मार्च महिन्यात छत्री कशाला आणतंय कोणी! पण मावशींनी ते विचारलं नाही.

४

दादरला मंडळाच्या कचेरीत प्रफुल्लसर डोकं धरून बसले होते. चाळिशीतला माणूस, पुण्याच्या वळणाचं स्वच्छ बोलणं.

"तुम्हालाच सांगतो, बाई. सहा कार्डं खोटी निघाली, तर उरलेल्या बाराशे चाळिसांवर कोण विश्वास ठेवेल? सोमवारपर्यंत उलगडा झाला नाही तर छपाई थांबवावी लागेल. मलाही वाईट वाटतं. असं काम कोणी केलेलं नाही."

"त्या दिवशी तुम्ही आयसीयूत होतात."

"तीनपर्यंत. मग इथे बैठक होती, दहा जण साक्षीला आहेत. परवानगीचा कागद तसाच खिशात राहिला. बरं, मास्तर जाण्यात माझा फायदा काय? ते असते तर आणखी पाचशे कार्डं झाली असती."

हे पटण्यासारखं होतं. संघमित्राबाईंनी सहज विचारलं, "कोणत्या वाक्याचा बोलणारा कोण, याची तुम्ही यादी केली असेल?"

"केली आहे ना! तीनशे अकरा माणसं. अकारविल्हे."

बाईंनी ती यादी मांडीवर घेतली. पस्तीस वर्षांत त्यांना एक गोष्ट कळली होती. कागदात काय आहे ते सगळेच वाचतात, काय नाही ते वाचायला बसावं लागतं. त्या दीड तास बसल्या. रमाकांत, तेवीस कार्डं. मालन कोळीण, सतरा. चाळीतल्या झाडून सगळ्या बायका, खाणावळीतले जुने गडी, भजनी मंडळ, पोस्टमन. रुपाली, नऊ.

त्यातलं एक त्यांनी, मोजणीनंतर कचेरीत आणून ठेवलेल्या पेटीतून काढायला लावलं. '"आई, दोन लाईनी आल्या!" – रुपाली, मोरीच्या दारात. सन २००६.'

गरोदरपणाच्या घरगुती चाचणीचं वाक्य होतं ते. लालबागच्या चाळीत सून हे सासऱ्याला सांगेल? सतरा जन्मांत नाही. बाईंनी तिथूनच रुपालीला फोन लावला.

"अय्या!" रुपाली लाजली. "हे बाबांनी लिहिलंय? मी तर आईंच्याच कानात सांगितलं होतं. त्यांनी नंतर बाबांना सांगितलं असणार."

तसंही असेल. बाई पुन्हा यादीवर वाकल्या. 'र'ला येऊन थांबल्या. मग पानं उलटत मागं गेल्या, 'ब'वर. पुन्हा 'र'वर आल्या.

"सर, राजाराम घाडींच्या स्वतःच्या नावावर एक्केचाळीस कार्डं आहेत."

"हो, गंमतच आहे. 'राजाराम, घरी, चहा पिताना.' स्वतःचीच वाक्यं टिपायचे. मिश्कील होते मास्तर."

संघमित्राबाईंनी यादी मिटून सरांच्या टेबलावर ठेवली आणि पाणी मागितलं.

५

रविवारी दुपारी त्या घाडींच्या घरी गेल्या. राजेश, रुपाली आणि बकुळामावशी, तिघंच. रमाकांतांना त्यांनी मुद्दाम बोलावलं नाही, पण फळीपलीकडं ते कान लावून असणार हे काय सांगायला हवं!

"पहिल्यांदा भुताचं मिटवू," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं जो माणूस दुसऱ्यांचं बोलणं टिपतो, तो बाकी सगळ्यांची नावं घालेल, स्वतःचं घालणार नाही. आपलंच बोलणं ऐकून कोण कार्ड लिहितं? मी यादी वाचली. तीनशे अकरा माणसं. रमाकांत आहेत, मालन आहे, रुपाली आहे. खुद्द मास्तर एक्केचाळीस वेळा आहेत. चहा पिताना, दाढी करताना. बाजूला बसून कोणीतरी त्यांनाच ऐकत होतं. आणि या घरातलं एक माणूस त्या यादीत एकदाही नाही. याच खोलीत पंचावन्न वर्षं राहून ते एकदाही लाईन म्हणालं नाही, हे मी कसं मानू?"

रुपालीनं तोंडावर हात ठेवला.

"दोन लाईनी आल्या, हे तू ज्यांना सांगितलंस, त्यांनीच लिहिलं," संघमित्राबाई तिला म्हणाल्या. "विधवांच्या लाईनीतही त्याच उभ्या होत्या. आणि परवा तीन वाजता गाढ झोपलेल्या बाईनं दार दोन सेकंदांत उघडलं. मावशी, तुम्हीच सांगता का आता?"

"पण ताई, आईला लिहिता येत नाही!" राजेश ओरडला. "अंगठा लावते ती!"

"बँकेत खाता उघडला तेव्हा नाय येय होता," बकुळामावशी खाली बघत म्हणाल्या. "आता सही केलंय तर सायब म्हणतलो, ही बाई कोण? म्हणान अंगठोच." मग त्यांचा आवाज जरा मोकळा झाला. "संपात हे घरी बसले. तेव्हा माका शिकवल्यानी. गिरवूक दुसरा पुस्तक खय होता? तेंच्याच अक्षरार गिरवलंय, तसाच वळाण पडला. दिवसभर मी खाणावळीत, नळार, बाजारात. सांजेक तेंका सांगायचंय, आज अमकी असा बोलली. ते पोट धरून हसायचे. म्हणायचे, लिव. तीन वाजले की मी लिवायचंय, ते बाजूक बसून वाचायचे. मगे एकदा मंडळाचे लोक इले आणि विचारल्यानी, हे कोणी केला? मी भाकऱ्यो भाजी होतंय. हेच पुढे गेले. एकदा शाल खांद्यार पडली, ती उतरवायची कशी?"

संघमित्राबाईंना मास्तरांचा संताप आला. भला माणूस खरा, पण चाळीस वर्षं! फोटोकडे बघवेना त्यांना.

"मग आता कशाला लिहीत होतात, आई?" रुपालीनं विचारलं. तिला रडू येत होतं.

"सांगू कोणाक, गो? आयकूचा सुटणा नाय. कानार पडला की वाटता, सांजेक सांगूया. मगे आठवता, माणूस नाय. म्हणान लिवन ठेवायचंय."

"पुस्तकावर तुमचं नाव येणार," रुपाली डोळे पुसत म्हणाली. "मी बोलते सरांशी. खोटं कार्ड एकही नाही, एवढं कळलं की छापतील ते."

"दोघांचा घाल," मावशी म्हणाल्या. "हसूक ते होते म्हणान मी लिवलंय."

संघमित्राबाईंना इथंच थांबायचं होतं. पुढची पायरी त्यांना कालपासून दिसत होती, आणि ती आपल्या तोंडून चढू नये असं वाटत होतं. त्यांनी पिशवी उचलली. पण राजेश खुळा नव्हता. तो उठून उभा राहिला होता.

"आई. ते आयसीयूचं कार्ड तूच लिहिलंस. म्हणजे आत तू होतीस."

मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मी ताईंना सांगितलं, आत कोणीच नव्हतं. तू होतीस. डॉक्टरनं तुला विचारलं."

"माका इचारल्यानी." मावशींनी मान वर केली. "तेंचे दोनव हात काळेनिळे झालेले, बाबू. सुई टोचूक जागा नाय होती. म्हणाले, आता मानेत टाकूची. म्हटलंय, टाकून बरे होतले? डॉक्टर काय बोललो नाय, तो पोरगोच होतो. मी नको म्हटलंय. मी. दुसऱ्या कोणी नाय. आता तोंड बघू नको माझा, तू म्हणालंसच हा तसा."

फळीपलीकडं रमाकांत खोकले. राजेश आईच्या अंगावर धावून जातो की काय, असं रुपालीला वाटलं असावं, कारण ती मध्ये सरकली. पण तो होता तिथंच खाली बसला, भिंतीला पाठ टेकून.

"मला का नाही बोलावलंस?" त्यानं विचारलं.

"तू खाली होतंस. औषधाक."

"मी औषधाला गेलो नव्हतो," राजेश म्हणाला.

हे मात्र संघमित्राबाईंनाही ठाऊक नव्हतं. त्या पिशवी धरून तशाच उभ्या राहिल्या.

"सकाळीच डॉक्टर मला म्हणाला होता, मुलगा तुम्ही, मानेत लाईन टाकायची का ते संध्याकाळपर्यंत ठरवा. मला नाही ठरवता आलं, आई. चार वाजता तो येताना दिसला आणि मी जिना उतरलो. तिकडं फाटकाबाहेर, बसस्टॉपवर बसून राहिलो. म्हटलं, कोणीतरी देईल उत्तर. मग महिनाभर त्या कोणीतरीला शिव्या देत बसलो." तो लहान पोरासारखा रडायला लागला. "दुकानात लाईन होती म्हणून सांगितलं सगळ्यांना. तुलाही तेच सांगितलं."

बकुळामावशी उठल्या. गुडघ्यांवर हात देत, सावकाश. त्याच्या बाजूला जमिनीवर बसल्या आणि पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"माका ठाऊक होता," त्या म्हणाल्या. "औषधाची चिठी तू बाकारच ठेवन गेललंस, बाबू. मी ती उचलून कमरेक खोवलंय, कोणाच्या नजरेक पडूक नको म्हणान."